रिळावरची तोडी

सन दोन हजार तीनमध्ये धारवाडात स्पूल टेपरेकॉर्डर विकत घेणारा माणूस उरला नव्हता. असलेले टाकून देणारेसुद्धा जवळजवळ संपले होते. अशा वेळी भूमापन खात्यातले हेडक्लार्क प्रभंजनराव हल्याळकर यांनी तो घ्यायचं ठरवलं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की त्यांना आवरणारं माणूस मालमड्डीच्या त्यांच्या गल्लीत तरी नव्हतं. बायको होती, श्यामला, पण तिनं आवरण्याचा नाद लग्नानंतर वर्षाभरातच सोडला होता. लग्नाला आता पंचवीस वर्षं झाली.

झालं असं, की नादसेवा मंडळाच्या वार्षिक संगीतसभेत सकाळच्या सत्रातली वीस मिनिटं गावातल्या एखाद्या कलावंताला द्यायची असा ठराव त्या वर्षी झाला. इच्छुकांनी आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पंधरा डिसेंबरपर्यंत चिटणिसांकडे पोचवावं असं पत्रक निघालं. त्या पत्रकाच्या झेरॉक्स प्रभंजनरावांनीच काढून आणल्या आणि गावभर वाटल्याही त्यांनीच. मंडळात त्यांचं काम तेच होतं. बावीस वर्षं त्यांनी सभेच्या जाजमा अंथरल्या, झटकल्या, घड्या घातल्या. मोठमोठ्या गवयांचे तंबोरे रिक्षातून उतरवून घेतले. "अण्णा, तांब्याभर पाणी आणा की" असं कुणीही म्हणावं आणि यांनी आणावं. ते ज्यांच्याकडे गाणं शिकले त्या बुवांच्या हाताखाली आठजण शिकले, त्यातले सातजण त्या व्यासपीठावर बसून गाऊन उतरले. आठवे हे. आता अठ्ठेचाळीसावं चालू होतं. आपणही एकदा तिथं बसायचं, खाली जाजम दुसऱ्या कुणीतरी घातलेली असेल, आणि आपण वीस मिनिटं तोडी गायची, एवढं एकच मागणं या माणसाचं आयुष्याकडे उरलं होतं. ते काही फार नव्हतं, हे कबूल करायला हवं.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर वादिराज बसायचा. दर रविवारी तो प्रभंजनरावांच्या घरी येऊन तबल्याची साथ करायचा, आणि नवनगरला त्याच्या घरी नवा कॉम्प्युटर होता. तो म्हणाला, अण्णा, माझ्याकडे या, माइक जोडतो, तासाभरात सीडी काढून हातात देतो. झालं. त्या दिवशी दुपारचा चहा आला, गार झाला, पोऱ्या कप घेऊन गेला, तरी प्रभंजनरावांचं व्याख्यान चालूच होतं. कॉम्प्युटर गाण्याचे तुकडे करून आकड्यांत साठवतो, गाणं म्हणजे काय सातबारा आहे का, असं त्यांनी विचारलं. टेपवर आवाज अखंड उतरतो. तान जोरात गेली तर कॉम्प्युटरमध्ये ती फाटते, टेप ती पोटात घेते आणि गोल करून परत देते. सीडीला एक चरा पडला की सगळं गाणं मुकं. टेप चुरगळली तरी चुरगळलेलं का होईना, गाते. आणि मुख्य म्हणजे टेपवर लबाडी नाही. कॉम्प्युटरवर चुकलेली जागा कापायची, बरोबर आलेली तिथं चिकटवायची, म्हणजे गाणारा कुणीही चालतो. टेपवर जे घडलं ते घडलं. खोलीत जे असेल ते सगळं उतरतं, त्यातलं काही मागाहून काढता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी फार अभिमानानं उच्चारलं आणि टेबलावर बोट आपटलं.

बरं, मग कॅसेट चालेल की, वादिराज म्हणाला. कॅसेटही चालेना. कॅसेटची फीत सेकंदाला दोन इंचसुद्धा सरकत नाही आणि रुंदीला शेवईएवढी. स्पूलची चांगली रुंद, साडेसात इंच पळते. एवढ्याशा जागेत तोडीचा गंधार मावणार कसा, असं प्रभंजनरावांचं म्हणणं पडलं. वादिराजनं फक्त एवढंच विचारलं, की मंडळाकडे ते वाजवणार कशावर. हा प्रश्न प्रभंजनरावांना फारच क्षुद्र वाटला.

यंत्र हुबळीत एका वारलेल्या वकिलांच्या घरी सापडलं. वकीलसाहेबांच्या सुनेनं त्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती. न्या, ती म्हणाली, पण कुंडी ठेवायला काहीतरी आणून द्या. प्रभंजनरावांनी तिला स्टूल आणून दिलं आणि वीस किलोचं ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन ते गोकुळ रोडला मारुतीकडे गेले. मारुती मोटारी रिवाइंड करायचा. पंपाच्या, गिरणीच्या, कूलरच्या. त्यानं झाकण उघडलं, आतलं विरघळून डांबर झालेलं रबर बोटाला लावून पाहिलं, आणि म्हणाला, "आगतैती साहेब. नाळे बर्री." म्हणजे होईल, उद्या या. प्रभंजनरावांना कानडी काही नवं नव्हतं, जन्मापासून दोन्ही भाषा तोंडात. पण मारुतीचं "नाळे" त्यांना आयुष्यात प्रथमच कळलं. हे नाळे ऑगस्टात सुरू झालं आणि दसऱ्यापर्यंत चाललं. कधी पट्टा मिळत नव्हता, कधी मारुतीच्या मेव्हणीचं लग्न. शेवटी त्यानं पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यातून कातून पट्टा बसवला, आणि यंत्र चालू झालं. चालू झाल्यावर त्यातून ज्वारीच्या पिठाचा वास यायचा, एवढंच.

आता कोरी टेप हवी. ती मुंबईच्या एका जुन्या दुकानदारानं लॉरीनं पाठवली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पार्सलचा कोपरा फाटलेला होता आणि तिथल्या कारकुनाला आतलं रीळ दिसलं. त्यानं ठरवलं की हा सिनेमा आहे. सिनेमाचं रीळ सोडायचं तर थिएटरचं पत्र हवं, वितरकाचा शिक्का हवा. प्रभंजनरावांनी समजावलं की यात चित्र नसतं, नुसता आवाज असतो, तोही अजून नाही, भरायचा आहे. कारकून म्हणाला, मग कोऱ्या सिनेमाचं पत्र आणा. सत्तावीस वर्षं स्वतः लोकांना असलीच पत्रं आणायला पिटाळणारा माणूस तो, त्याला दुसऱ्या बाजूला उभं राहायची सवय नव्हती. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला त्यांनी भूमापन खात्याच्या लेटरहेडवर "सदर रिळात कोणतेही चित्र नसल्याचे प्रमाणित करण्यात येते" असं लिहून गोल शिक्का मारून दिला, आणि चार रिळं ताबडतोब सुटली. आयुष्यात सरकारी शिक्क्याचा एवढाच काय तो गैरवापर त्यांनी केला, आणि त्याबद्दल त्यांना पुढे बरेच दिवस रात्री झोपताना वाईट वाटायचं.

मग खोली. खोलीत आवाज घुमतो हे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या श्रीहरीपंतांनी शोधून काढलं. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि शिकवायचं राहून गेलेलं सगळं आता गल्लीला शिकवत होते. त्यांनी टाळी वाजवली, कान टवकारले, आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायला सांगितले. पुठ्ठ्याचे, खळगे असलेले. आवाज त्यात अडकतो म्हणे. प्रभंजनराव हुबळीला जाऊन अंड्यांच्या ठोक व्यापाऱ्याकडून ऐंशी ट्रे घेऊन आले, स्कूटरला पुढे-मागे बांधून, भर दुपारी, मालमड्डीतून. कांदासुद्धा चातुर्मासात बंद असलेली ती गल्ली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या इंदुमतीबाईंनी श्यामलाकडून विरजण नेणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी भटजींनी पितृपक्षातली राहिलेली तिथी यंदा मठातच उरकू या का, असं सुचवलं. एका ट्रेमध्ये तीस, म्हणजे ऐंशी ट्रेंत किती, हा हिशेब गल्लीतल्या प्रत्येक बाईनं आपापल्या स्वयंपाकघरात केला आणि ती दोन माणसं इतकी अंडी खातात कधी, या चिंतेत पडली. प्रभंजनराव खुलासा करायला तयार नव्हते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, असं ते म्हणाले. शेवटी श्यामलाच इंदुमतीबाईंना हाताला धरून खोलीत घेऊन आली आणि भिंती दाखवल्या. इंदुमतीबाईंनी भिंतीला बोट लावून पाहिलं, ते पदराला पुसलं, आणि संध्याकाळी विरजणाला वाटी पाठवली. शिवाय दार-खिडक्यांवर टाकायला म्हणून स्वतःच्या घरातल्या दोन जाडजूड कौद्या, म्हणजे गोधड्याही दिल्या. त्यांतल्या डांबरगोळ्यांच्या वासानं वादिराज प्रत्येक समेच्या आधी शिंकायला लागला, तो भाग वेगळा.

तोडी हा सकाळचा राग. तो दुपारी गाऊन सकाळचा म्हणून देणं प्रभंजनरावांच्या तत्त्वात बसत नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी सातला बैठक सुरू व्हायची. आणि हुबळी-धारवाडात सकाळी काय असतं ते सांगायला नको. नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी एकदा. कुठल्या दिवशी, किती वाजता, हे कुणालाच ठाऊक नाही. ते आलं की गल्लीतून एक आरोळी उठते, "नीर बंतु!", आणि त्या क्षणी माणूस देवपूजेत असो की बाळंत होत असो, कळशी घेऊन पळतो. पहिल्या रविवारी विलंबित ख्याल संपता संपता आरोळी आली आणि श्यामला तंबोरा भिंतीला टेकवून धावली. दुसऱ्या रविवारी आरोळी आली नाही, पण येईल येईल म्हणून तिघांचंही चित्त नळाकडे. तिसऱ्या रविवारी वीज गेली, चौथ्या रविवारी व्होल्टेज इतकं उतरलं की यंत्र जांभया देत चालल्यासारखं चालायचं, आणि नंतर ऐकलं तर प्रभंजनराव बारा वर्षांच्या मुलीच्या आवाजात गात होते. पुसा, पुन्हा गा. पुसा, पुन्हा गा. हाही टेपचाच गुण, असं ते वादिराजला सांगायचे.

माइक एकच होता. तो कुठं ठेवायचा यावर प्रभंजनरावांनी दोन आठवडे विचार केला. गाण्याचा पाया तंबोरा, तो नीट उतरला की बाकी सगळं आपसूक उतरतं, असं त्यांचं मत पडलं. म्हणून त्यांनी माइक पंख्याच्या हुकाला दोरीनं बांधून आपल्या डोक्यावरून मागे नेला आणि तंबोऱ्याच्या वर, म्हणजे श्यामलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर सोडला. हे त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. नंतर मारुतीला, वायरला, पंख्याला, सगळ्यांना त्यांनी बोल लावले, पण दोरीची गाठ त्यांचीच होती.

श्यामलाबद्दल एवढं सांगितलं पाहिजे, की ती बेळगावला माहेरी असताना सहा वर्षं गाणं शिकलेली होती. लग्न ठरताना मुलाकडच्यांना ते सांगितलंही होतं, आणि "अरे वा, मग तंबोरा धरायला घरचंच माणूस झालं" असं प्रभंजनराव तेव्हा म्हणाले होते. त्याप्रमाणे ती तंबोरा धरत आली. दर रविवारी, मागे बसून, डोळे मिटून. तिला गायला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विषय काढला नाही.

सहाव्या रविवारी सगळं जमलं. नळ गप्प, वीज जागेवर, वादिराजला शिंक नाही. वीस मिनिटांची अख्खी तोडी एका दमात उतरली. यंत्राच्या पोटातल्या तळहाताएवढ्या स्पीकरवर प्रभंजनरावांनी ती अकरा वेळा ऐकली. त्यांना फक्त स्वतःचा आवाज ऐकू आला. माणसाला तोच ऐकू येतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि श्यामला म्हणाली, छान झालं, आता आंघोळ करून घ्या.

आणि मंडळाकडे स्पूल वाजवायचं यंत्र नव्हतंच. तेव्हा चौदा डिसेंबरला प्रभंजनराव पुन्हा एकदा ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन चिटणीस मेधाताई मुतालिकांच्या घरी गेले. तिथं गलगलीमास्तर बसले होते. ऐंशी वर्षांचे, हाडाचे गवई, निवड त्यांच्या शब्दावर व्हायची. बाकीच्यांच्या सीड्या-कॅसेटी त्यांनी ऐकून बाजूला ठेवलेल्या होत्या. मेधाताईंकडे कमरेएवढे दोन स्पीकर होते. यंत्राची वायर त्यांना जोडली, रीळ फिरायला लागलं, आणि प्रभंजनराव मान खाली घालून, लाजल्यासारखं करून बसले.

त्या स्पीकरांतून मात्र सगळी खोली बाहेर आली. तंबोरा आला, डग्गा आला, आणि प्रभंजनरावांच्या मागून, तोंड मिटून गुणगुणणारा एक बाईचा आवाज आला. अगदी हळू. प्रभंजनराव गंधाराकडे निघाले की हा आवाज त्यांच्या निमिषभर आधी तिथं जाऊन बसायचा, आणि मग ते चाचपडत त्याच्यापाशी यायचे. वरच्या षड्जाला तेच. उतरताना तेच. वीसही मिनिटं असंच, आधी ती पोचत होती आणि मागाहून हे.

गलगलीमास्तरांनी डोळे उघडले. "मागं कोण आहे?"

"मंडळी माझी," प्रभंजनराव म्हणाले. "तंबोऱ्यावर."

"परत लावा बघू."

परत लावलं. मास्तर पुढे सरकून, कानामागे हात धरून ऐकत होते, आणि हे सगळं आपल्यासाठी चाललंय असं प्रभंजनरावांना अजूनही थोडंसं वाटत होतं. संपल्यावर मास्तर म्हणाले, "तोडीचा गंधार भल्याभल्यांना लागत नाही. या बाईला लागतो."

"पण मास्तर, गातोय मी."

"हो की. गाता तुम्हीच," मास्तर म्हणाले. यात चेष्टा नव्हती. त्यांनी मेधाताईंना बाईंचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. मेधाताईंनी प्रभंजनरावांना चहा दिला, आणि त्यांनी तो कसाबसा संपवला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा माणूस वादिराजच्या टेबलाशी वाकला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, बायकोचा आवाज बंद करायचा आहे, कॉम्प्युटरवर जमेल का. तीन टेबलांवरची डोकी वर झाली. जमलं तर आम्हालाही सांगा, असं अव्वल कारकून म्हणाले आणि सगळे हसले. वादिराज हसला नाही. कुठला आवाज, हे त्याला विचारायची गरज नव्हती. बारा वर्षं तो तबल्यावर त्या दोघांच्या मधे बसत होता, त्याला सगळं ऐकू यायचं. त्याला वाटायचं, अण्णांना माहीत असेल.

संध्याकाळी नवनगरला वादिराजनं दीड तास खटपट केली. रिक्षातून आणलेलं ते धूड कॉम्प्युटरला जोडून टेप आत उतरवली, पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसल्या, पण त्यात श्यामलाची रेघ वेगळी निघेना. तिचा आवाज कापला की तेवढाच प्रभंजनरावांचाही जायचा. तेव्हा वादिराज म्हणाला, अण्णा, मुदत आजचा दिवस आहे, इथंच नव्यानं गा. त्यानं विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी लावली, तबला पुढ्यात घेतला, आणि प्रभंजनराव सकाळच्या रागाचं तत्त्व बाजूला ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा मागे कुणी नसताना तोडी गायले.

मग ऐकलं. गंधार खाली. षड्जाला टेकले तेही खाली. फार नाही, केसभर. पण एकदासुद्धा जागेवर नाही, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. कॉम्प्युटरनं त्यात काही घातलेलं नव्हतं, काही काढलेलं नव्हतं. जे घडलं ते घडलं होतं. वादिराज पडद्याकडे बघत म्हणाला, हे सूर जरा जरा वर उचलता येतात अण्णा, अर्ध्या तासाचं काम आहे, कुणाला कळायचं नाही. प्रभंजनराव म्हणाले, राहू दे. एवढं मात्र त्या माणसाच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. यंत्र तिथंच ठेवून ते बसनं घरी आले, जेवले, आणि श्यामलानं काय झालं विचारलं तेव्हा कळवतील म्हणाले.

कळवलं. आठवड्यानं पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा श्यामला गिरणीत गेली होती. पाकिटावर "सौ. श्यामला हल्याळकर" असं होतं. पंचवीस वर्षांत त्या घरी तिच्या नावाचं मंडळाचं पत्र आलेलं नव्हतं. प्रभंजनरावांनी ते फोडलं. जानेवारीच्या सभेत सकाळच्या सत्रात आपण वीस मिनिटं गावं अशी विनंती होती, गलगलीमास्तरांची दोन ओळींची शाबासकी होती, आणि तळाशी मेधाताईंच्या अक्षरात, श्री. प्रभंजनराव यांनी दरवर्षीप्रमाणे बैठक-व्यवस्था पहावी, असंही होतं. त्या शेवटच्या ओळीनं घात केला. नाहीतर कदाचित, अगदी कदाचित, त्यांनी पत्र तिच्या हातात दिलं असतं.

ते ऑफिसला गेले. तिथं त्यांनी कोरा कागद घेतला आणि इतक्या वर्षांच्या सरावानं, एकही खाडाखोड न करता लिहिलं: "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सौ. श्यामला यांचा घसा बसला असल्याने त्या गाऊ शकत नाहीत. सबब त्यांच्या नावाचा विचार होऊ नये." खाली सही केली, तिच्या वतीनं. पाकीट स्वतः पेटीत टाकलं. मूळ पत्र ऑफिसच्या पिशवीत, फायलींच्या मधे गेलं. घरी त्यांनी सांगितलं की यंदा बाहेरचाच कुणी घेतला वाटतं. श्यामलाला त्यांच्यासाठी खरोखर वाईट वाटलं. तिनं त्या दिवशी शिरा केला, आणि तो त्यांनी खाल्ला.

सभेच्या सकाळी त्यांनी जाजमा अंथरल्या. ती वीस मिनिटं रिकामीच राहिली होती. खजिनदारांनी त्या वेळात देणगीदारांची नावं वाचली, आणि आणखी आठ मिनिटं जास्तीची घेतली. मध्यंतरात चहाच्या रांगेत श्यामला उभी होती, तिथं मेधाताई आल्या. प्रभंजनराव खांद्यावर जाजमेची घडी घेऊन चार पावलांवर होते, आणि त्यांना सगळं ऐकू आलं.

"घसा कसा आहे आता?" मेधाताईंनी विचारलं. "मास्तरांना फार चुटपुट लागली हो. पुढच्या वर्षी मात्र तुम्ही नाही म्हणायचं नाही."

श्यामलानं आधी मेधाताईंकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं जाजमेची घडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"अजून बसलेलाच आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं हात पुढे केला आणि पत्र मागितलं. पत्र कुठलं, असं विचारायची प्रभंजनरावांची हिंमत झाली नाही. त्यांनी पिशवीतून काढून दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, मास्तरांच्या दोन ओळी परत वाचल्या, घडी घातली, आणि कपाटात जिथं तिची माहेरची कागदपत्रं असतात तिथं ते ठेवून दिलं. प्रभंजनराव काहीतरी म्हणायला लागले, की तुला चारचौघांत जमलं नसतं, तुला त्रास नको म्हणून, वगैरे.

"मला विचारलं असतंत तर मी नकोच म्हणाले असते," श्यामला म्हणाली. "भीती वाटली असती मला. पण विचारायचं होतं."

ती रडली-बिडली नाही. पातेलं घेऊन दूध तापवायला गेली. भांडण झालं असतं तर प्रभंजनरावांना ते सोसलं असतं, निदान त्यात त्यांनाही दोन शब्द बोलता आले असते.

पुढच्या रविवारी वादिराज आला नाही, त्याला नवनगरला काही काम निघालं होतं. तरी प्रभंजनराव सातला आंघोळ करून, शाल घेऊन बसले, आणि नेहमीसारखी हाक मारली, की अगं, चल, तंबोरा लावायचाय.

"माझा घसा बसलाय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तंबोऱ्याला घसा कशाला लागतो?"

ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज आला, तवा ठेवल्याचा आवाज आला. मग उठून त्यांनी तंबोरा स्वतःच आणला. तो नेहमी तीच लावायची, त्यामुळे जुळवायला अर्धा तास गेला, आणि जुळला असं म्हणून त्यांनी गायला सुरुवात केली. षड्ज लावला. रिषभ लावला. गंधाराकडे निघाले आणि सवयीनं किंचित थांबले. त्यांच्या आधी तिथं कुणीच पोचलेलं नव्हतं.